असिस्टंट कोचचं बिऱ्हाड

मी कोल्हापूर सोडलं त्या संध्याकाळी स्टँडवर जेवढी गर्दी झाली होती, तेवढी मी शिकवलेल्या टीमच्या मॅचला कधी झाली नव्हती. तालमीतली पोरं ढोल घेऊन आली होती. कुणीतरी गुलालाची पुडी फोडली. मुंबईच्या बसचा कंडक्टर "कोण निवडून आलं काय?" म्हणत खाली उतरून बघून गेला. त्याला आमच्या गल्लीतल्या एकानं छाती फुगवून सांगितलं, "आमचा बाळू चाललाय परदेशात, फुटबॉलचा कोच म्हणून!" मी 'असिस्टंट कोच' अशी दुरुस्ती करायला तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी तोंडात पेढा कोंबला. ती दुरुस्ती तशीच राहून गेली.

साल त्र्याण्णव. मी तिशीला टेकलेला, कॉलेजच्या जिमखान्यात हंगामी असिस्टंट. म्हणजे बॉलमध्ये हवा भरायची, जाळ्या बांधायच्या, क्रीडा प्राध्यापक येईपर्यंत पोरांना पळवायचं आणि ते आले की बाजूला उभं राहायचं. शारजातल्या एका कॉलेजला हेच काम करणारा माणूस हवा होता. तिथं लॅबमध्ये नोकरीला असलेल्या आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या जुन्या गोलकीपरनं माझं नाव सुचवलं. म्हणजे मला परदेशात बढती मिळाली नव्हती, फक्त बाजूला उभं राहायची जागा बदलली होती.

आईनं कांदा-लसूण चटणीची बरणी अशा तऱ्हेनं गुंडाळली होती की ती फुटली असती तर बॅगेतल्या माझ्या तिन्ही पँटी कायमच्या तिखट झाल्या असत्या. विद्या, म्हणजे माझी बायको, आमच्या एक वर्षाच्या मुलीला, मृणालला, कडेवर घेऊन उभी होती. ती रडली नाही. पुढं तिनं सांगितलं की ढोलाच्या आवाजात रडायचं सुचलंच नाही. आणि आबा. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते, पण गावात त्यांची ओळख तालमीच्या टीमचा गोलकीपर हीच. ते खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "हे बघ, बाकावर बसवलं तरी बूट बांधून बसायचं. कवा हाक येईल, सांगता येत न्हाई."

बस सुटली. पुढची दहा वर्षं मी बूट बांधूनच बसलो.

गावात राहिलेल्यांना वाटतं, परदेशी गेलेला माणूस तिथं बसकण मारतो. मारत नाही हो. निदान आम्ही मारली नाही. वर्षानं विद्या आणि मृणाल आल्या आणि शारजाच्या रोल्ला भागातल्या एका जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही एक बेडरूम घेतली. दुसऱ्या बेडरूममध्ये एक मल्याळी कुटुंब, किचन दोघांत. 'आपल्याला काय, पुढच्या वर्षी जायचंच आहे' या एका वाक्यावर आमचा संसार चालायचा. म्हणून सोफा घेतला नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या. भिंतीला खिळा ठोकला नाही. फ्रीजवरचं प्लॅस्टिक काढलं नाही, कारण तो गावी न्यायचा तर नवा दिसायला हवा. विद्या मिक्सरवर चटणी वाटायची आणि मिक्सर धुऊन, पुसून, पुन्हा थर्माकोलच्या खोक्यात घालून ठेवायची. शेजारच्या मल्याळी चेचींनी (चेची म्हणजे ताई) एकदा विचारलं, "दीदी, ये मिक्सर रेंट का है क्या?"

बाजारात गेलं की विद्या मोठ्यांदा रुपये करायची. "कोथिंबिरीची जुडी दोन दिरहम? म्हणजे वीस रुपये! वीस रुपयांत आपल्याकडं वाफा येईल, वाफा!" भाजीवाला पठाण हसून, अरबीतलं 'चला, चला' जोडत जुडी पुढं करायचा, "ले जाओ दीदी, यल्ला." कोथिंबीर यायची. वाफा मनात राहायचा.

शुक्रवारी रोल्ल्याच्या बागेत गावाकडची माणसं जमायची. चिपळूण, खेड, तासगाव, कराड. बहुतेक एकटी, साइटवर काम करणारी. एकदा खेडच्या एका सुतारानं मला विचारलं, "साहेब, आपण काय करता?"

"कॉलेजात फुटबॉल शिकवतो."

"नाही, ते झालं. कामाला कुठं आहात?"

मी सांगितलं, तेच काम. त्यानं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ रे, आपण उगाच सुतारकी शिकलो."

आता माझ्या कामाबद्दल. आमचे हेड कोच इजिप्तचे होते, फथी नावाचे. तिकडं कोचला 'कॅप्टन' म्हणतात, म्हणून तेही कॅप्टन फथी. पोट असं की बूट बांधायचे तर आधी श्वास रोखायला लागायचा, पण बॉल पायात आला की तो माणूस हलकाफूल व्हायचा. मैदान पहिली काही वर्षं वाळूचं होतं. तिथं स्लाइडिंग टॅकल करणाऱ्या पोराची मांडी खरवडलेल्या नारळासारखी दिसायची. पोरं नाना देशांची. सुदानी, पॅलेस्टिनी, इराणी, केरळी. सगळ्यांचे पासपोर्ट वेगळे आणि बहुतेक सगळी तिथंच वाढलेली. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्या भाषांतल्या यायच्या. त्यात मी कोल्हापूरची थोडी भर घातली.

असिस्टंट कोचचं खरं काम कुठल्या पुस्तकात नसतं. हेड कोच खेळणाऱ्या अकरांना बघतो, असिस्टंट न खेळणाऱ्यांना. बाकावरचं पोरगं रुसलं, कुणाच्या बापाला मॅच बघायला आल्यावर मुलगा बाकावर दिसला, कुणी तिसऱ्यांदा वॉर्म-अप करून पुन्हा बसलं, हे सगळं माझ्या खात्यात. आणि दुसरं काम कुजबुजायचं. मॅच चालू असताना मी कॅप्टनच्या डाव्या हाताला बसायचो. म्हणजे ते माझ्या उजवीकडं. मी तिकडं कलून हळूच म्हणायचो, "कॅप्टन, लेफ्ट बॅक दमलाय." ते मैदानावरची नजर न काढता म्हणायचे, "नो, नो, हबीबी. ही इज लायन." मग दोन-तीन मिनिटांनी ताडकन उठून ओरडायचे, "लेफ्ट बॅक! खलास! आउट!" आणि खाली बसताना मला सांगायचे, "आय सॉ ही इज टायर्ड." मी म्हणायचो, "ग्रेट, कॅप्टन."

मला यात अपमान वाटायचा का? खरं सांगायचं तर सोयीचं वाटायचं. बदली चुकली तर त्यांची, बरोबर आली तर मला आतून गुदगुल्या. ना जबाबदारी, ना शिव्या. कॅप्टनचं आणि माझं इंग्रजी एकाच पातळीचं होतं, त्यामुळं आमचं कधी भांडणही झालं नाही. भांडायला लागणारे शब्द दोघांकडंही नव्हते.

दर मे महिन्यात मी राजीनामा द्यायचा विचार करायचो आणि दर जूनमध्ये तिकिटं काढून गावी जायचो. तिथं पंधरा दिवस झाले की पाय वळवळायचे. शारजातलं वाळूचं मैदान, संध्याकाळची प्रॅक्टिस आठवायची. परत आलो की आठवडाभरात कोल्हापूरची चुळबुळ सुरू. विद्या म्हणायची, "तुम्हाला विमानातच नोकरी बघायला हवी होती. मधल्या मध्ये बरे राहता तुम्ही."

मग दोन हजार तीनच्या जानेवारीत कॅप्टन फथींनी मला चहाला नेलं आणि सांगितलं की ते पोर्ट सईदला परत चाललेत, कायमचे. मोठ्या मुलीचं लग्न, गुडघे गेलेत. "टेन इयर्स, हबीबी. यू आर माय राइट हँड." मी म्हटलं, "लेफ्ट, कॅप्टन. मी डावीकडं बसतो." ते खूप हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले. मीही पुसले. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, त्याला वाटलं कुणीतरी वारलंय.

दुसऱ्या दिवशी डीननी बोलावलं. सरळ माणूस. म्हणाले, पुढच्या वर्षीपासून कॉलेज एकच कोच ठेवणार. तुम्ही किंवा बाहेरचा कुणीतरी. मार्चमधली इंटर-कॉलेज स्पर्धा तुम्ही सांभाळा. "विन द कप, देन वी टॉक, इन्शाल्ला." मी विचारलं, "आणि नाही जिंकलो तर?" त्यांनी खांदे उडवले. त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. तिथं नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की सगळ्या घराचाच जातो. हेड कोच व्हायचं, नाहीतर बिऱ्हाड उचलायचं.

आता बघा हं. दहा वर्षं 'पुढच्या वर्षी जाणार' म्हणणारा माणूस. त्याला कुणी फुकटात परत पाठवतंय. त्यानं पेढे वाटायला हवेत की नको? मी घरी येऊन विद्याला सांगितलं आणि दोघंही प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. तिला बालवाडीत नुकतीच कायमची नोकरी मिळाली होती. मल्याळी चेचींबरोबर दर गुरुवारी तिचा मासळीबाजार ठरलेला होता. सासूला ज्या गोष्टी सांगता यायच्या नाहीत, त्या ती चेचींना मोडक्या हिंदीत सांगायची. माझ्याकडं काय होतं? बाकावरची पोरं. म्हणायला काहीच नाही, आणि तेच सोडवेना.

अकरा वर्षांची मृणाल दप्तर आवरत सगळं ऐकत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. तिनं मान वर करून विचारलं, "बाबा, इफ यू लूज, डू वी गेट रेलिगेटेड टू कोल्हापूर?"

रेलिगेट म्हणजे काय ते मीच तिला शिकवलं होतं. लीगमध्ये तळाला राहिलेल्या टीमला खालच्या गटात ढकलतात, त्याला रेलिगेट म्हणतात. मी उसळलो. म्हटलं, "अगं, गाव आहे ते आपलं! खालचा गट काय?"

"युवर गाव, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "आय ऑन्ली नो द बाथरूम अँड आजी."

विद्या तोंडावर पदर धरून आत गेली. हसायला गेली असं मी तेव्हा समजलो. किचनमधून बराच वेळ भांड्यांचाही आवाज आला नाही.

स्पर्धा सुरू झाली. नशीब म्हणा, समोरच्या टीमांची परीक्षा जवळ आली होती म्हणा, आम्ही फायनलला पोचलो. समोर अजमानचं एक कॉलेज. दुपारची चारची वेळ, डीन पहिल्या रांगेत, आणि त्यांच्या मागं विद्या आणि मृणाल. विद्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या टीमची मॅच बघत होती. मी नवीन ट्रॅकसूट घातला होता. त्याची किंमत तिनं रुपयांत करून सांगितली होती, म्हणून मी त्यात नीट बसतही नव्हतो.

सेकंड हाफ अर्धा सरला तरी शून्य-शून्य. आमचा वलीद नावाचा लांब टांगांचा सुदानी मुलगा मधल्या फळीत खेळायचा. अख्खी टीम त्याच्या पायावर चालायची. पण त्याच्या पोटरीत गोळा आला होता. लंगडत होता. मला ते स्पष्ट दिसत होतं, आणि त्याला आता बाहेर काढलं नाही तर आपण हरणार, हेही दिसत होतं. दहा वर्षांत हेच तर शिकलो होतो.

मी उजवीकडं कललो आणि हळू आवाजात म्हणालो, "कॅप्टन, वलीदला काढा. संपलाय तो."

आणि उत्तराची वाट बघत बसलो.

उजवीकडच्या खुर्चीवर माझी बॅग होती. बॅगेवर पाण्याची बाटली. 'नो, नो, हबीबी' कुणी म्हणेना, तेव्हा मला वाटलं कॅप्टन विचार करतायत. मी बॅगेकडं आणखी कलून म्हटलं, "बघा, लंगडतोय."

मागच्या बाकावरून आमचा बदली गोलकीपर जोबी, तो केरळचा, फार अदबीनं म्हणाला, "सर, हू आर यू टेलिंग?"

बाकावरची सगळी पोरं हसत सुटली. मी कानापर्यंत लाल झालो. ताडकन उठलो, हात वर केला, रेफ्रीला हाक मारणार, तेवढ्यात थ्रो-इन झाला आणि बॉल नेमका वलीदकडं गेला. त्याला पळता येत नव्हतं. पळता आलं असतं तर त्यानं तो पुढं नेला असता. नेता येईना म्हणून वैतागून त्यानं होता तिथूनच लाथ हाणली. बॉल त्यांच्या डिफेंडरच्या पाठीवर आपटला, दिशा बदलली, गोलकीपर एकीकडं आणि बॉल दुसरीकडं. गोल. माझा हात अजून वरच. लोकांना वाटलं, मीच सांगितलं होतं 'मार' म्हणून.

एक-शून्य. कप आमचा. पोरांनी मला उचललं, त्या महागड्या ट्रॅकसूटसकट. डीननी मिठी मारली. म्हणाले, "एनी अदर कोच विल टेक हिम आउट. बट यू, यू ट्रस्टेड द बॉय!" मी म्हटलं, "सर, ॲक्चुअली, आय वॉज टेलिंग द बॅग." त्यांनी ती माझी नम्रता समजली आणि आणखी घट्ट मिठी मारली. "नेक्स्ट इयर, हेड कोच. येस?"

मी म्हणालो, "सर, विचारून सांगतो."

घरी जाताना टॅक्सीत विद्यानं विचारलं, "कुणाला विचारून सांगणार होता?"

"तुला."

"अहो, मी तिथंच मागं उभी होते! एवढी मान वळवायची."

मृणाल म्हणाली, "ही वॉज आस्किंग द बॅग, आई." ड्रायव्हर पेशावरचा होता, मराठी-इंग्रजी काही कळलं नसावं, पण आम्ही तिघं इतके हसत होतो की तोही हसायला लागला. हसता हसता विद्या म्हणाली, "हो म्हणा. उद्या सकाळी जाऊन आधी हो म्हणून या." आणि मग खिडकीबाहेर बघत, "आता एक सोफा घेऊया हो. बसून बसून पाठ गेली माझी."

त्या शुक्रवारी गावी फोन लावला. आईनं देवापुढं साखर ठेवली. मग आबा आले फोनवर. त्यांना मॅच सगळी सांगितली, बॅगेसकट. हसले. "वस्ताद झालास म्हणजे," म्हणाले. मग पुढं, "बरं झालं. आता तुझी माडीवरची खोली संदीपला देतो. कॉलेजात जातोय, अभ्यासाला जागा न्हाई त्याला. दर वर्षी रंगवून ठेवत होतो, तू यायचास म्हणून. आता रंगवायला माझंबी गुडघं चालत न्हाईत."

संदीप माझा पुतण्या. मी म्हटलं, "द्या की आबा, द्या." दुसरं काय म्हणणार? दर जूनमध्ये त्या खोलीत झोपायचो तेव्हा तिला नव्या रंगाचा वास यायचा. मला वाटायचं, पावसाळ्याआधी रंगवत असतील सगळंच घर. कधी बाकीच्या भिंतींकडं बघितलंच नाही.

त्या आठवड्यात विद्यानं मिक्सरचं खोकं कचऱ्यात टाकलं. मी फ्रीजवरचं प्लॅस्टिक सोलून काढलं. इतक्या वर्षांत ते असं चिकटलं होतं की नखं दुखली. खाली फ्रीज अगदी नवा निघाला आणि आम्हाला दोघांनाही तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे असं वाटत राहिलं.

चुळबुळ गेली म्हणाल तर नाही. हेड कोचला तर जास्तच असते. आता कुजबुजायला कुणी नाही आणि चूक सगळी आपली. पण ती चुळबुळ मैदानापुरती. राजीनाम्याचा विचार त्या मे महिन्यात आला नाही, आणि आला नाही हे माझ्या जुलैत लक्षात आलं.

डिसेंबरच्या सुट्टीत गावी गेलो. फुटबॉलचा हंगाम चालू होता. आईनं पुढच्या खोलीत आमच्यासाठी नव्या चादरी घातल्या होत्या. जेवताना ताटाभोवती रांगोळी काढली, पाहुण्याला काढतात तशी. माडीवर संदीपच्या रेडिओचा आवाज येत होता. मी म्हटलं, चल मृणाल, तुला खरी मॅच दाखवतो. आमची तालीम विरुद्ध पलीकडची पेठ. स्टेडियम खचाखच भरलेलं. दगडी पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटून बसलेला, कुणाचा गुडघा कुणाच्या पाठीत. आम्ही दोघं वरच्या पायरीवर जागा शोधत उभे.

आमच्या टीमनं कॉर्नर मिळवला आणि मृणाल ओरडली, "यल्ला! यल्ला! क्रॉस इट!" आजूबाजूच्या दहा-बारा माना वळल्या. कडेला बसलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. हा माणूस माझ्या लहानपणापासून याच पायरीवर बसायचा. मी त्याला ओळखलं. त्यानं मला नाही.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" त्यानं विचारलं.

मी तोंड उघडलं. मंगळवार पेठ म्हणणार होतो. अमक्याचा मुलगा, तमक्या गल्लीतला, आबा गोलकीपर. ओठांवर आलं होतं.

"शारजा," मी म्हणालो.

"लांबनं आलाय की," तो म्हणाला आणि शेजारच्याला कोपर मारून सरकवलं, त्यानं त्याच्या शेजारच्याला. अख्खी रांग सरकली. मृणाल आणि मी ऐसपैस बसलो, मांडी घालून, मध्ये शेंगांची पुडी ठेवून.

गावच्या माणसाला तिथं एवढी जागा कुणी देत नाही.